पांगुळगाड्यावरच्या खाचा

“माळ्यावरनं पांगुळगाडा काढ. बाळ धरून उभं राहायला लागलंय,” आईचा फोन. धाकट्या भावाला चाळिशीच्या तोंडावर पोरगं झालं, तेव्हापासून आईचे फोन हे असे, हुकूम सोडल्यासारखे. “आणि जरा पुसून आण. हा बारावा.”

“अकरावा,” मी म्हटलं. “मी मोजलोय की खाचा. दहा हाईत.”

“बारावा,” आई म्हणाली आणि फोन ठेवला.

(बाहेरगावच्यांसाठी: कोल्हापूरच्या आम्ही बायका ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतो. लिहिताना तेवढ्या शाळेतल्या बाई आठवतात.)

पांगुळगाडा आबांनी १९७१ साली गंगावेशीतल्या सुताराकडून करून घेतला, माझ्या थोरल्या चुलतभावासाठी. सागवानी पट्ट्यांचा तिकोनी सांगाडा, खाली बाभळीची तीन चाकं आणि वर पोरानं धरायची आडवी दांडी. जे पोर त्याच्यावर चालायला शिकलं त्याची एक खाच त्या दांडीवर. पहिल्या सात खाचा आबांच्या, पटाशीनं पाडलेल्या, एका मापाच्या. पुढच्या तीन बाबांनी भाजीच्या सुरीनं पाडल्या आहेत आणि तिन्ही तिरक्या आहेत. त्यांतली मधली माझ्या लेकीची. गंगावेशीतलं घर विकलं तेव्हा भांड्यांची वाटणी झाली, पितळेवरून थोडी तोंडंही वाकडी झाली, पण पांगुळगाडा कुणी मागितला नाही. तो माझ्या माळ्यावर येऊन पडला.

तो काढायला चढले तर वाटेत लेकीच्या खेळण्यांची दोन पोती. लेक आता अकरावीला आहे. पोती खाली ओढली, जुन्या चादरीवर पालथी केली आणि का कुणास ठाऊक, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. सवय. दिवसभर लोखंड तोलणाऱ्या बाईला घरी आल्यावरही हात स्वस्थ ठेवता येत नाहीत. सगळी मिळून चौदा किलो तीनशे ग्रॅम भरली. चाकं नसलेल्या गाड्या, गाड्या नसलेली चाकं, एका डोळ्याचा ससा, बोलणारी बाहुली आणि तळाशी भरतकामाच्या नक्षीसारखे सांडलेले ठोकळे.

ही सवय कुठनं लागली ते सांगते. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे. काही वर्षांपूर्वी एका जर्मन गिऱ्हाइकानं पंपाच्या कास्टिंगसोबत, म्हणजे ओतीव भागासोबत, एक कागद मागितला: हा तुकडा बनताना हवेत कार्बन किती गेला त्याचा हिशेब. भट्टीच्या विजेचाच नव्हे, तर भंगार कुठून आलं, वाळू कुठून आली, ट्रक किती चालला आणि उद्या पंप मोडला की त्याचं काय होणार, तिथपर्यंतचा. मालकांनी तो ईमेल माझ्याकडे सरकवला. “बघा मॅडम काय म्हणतंय ते.” अशा रीतीनं मी जीवनचक्र मूल्यमापन शिकले. इंग्रजी पुस्तकं त्याला पाळण्यापासून थडग्यापर्यंतचा हिशेब म्हणतात. आपण बारशापासून तेराव्यापर्यंत म्हणू.

या विद्येचा आरंभ बाटलीपासून झाला. १९६९ साली कोका-कोलानं अमेरिकेत कुठल्या डब्याबाटलीला किती कच्चा माल लागतो, किती ऊर्जा जाते आणि किती घाण उरते याचा अभ्यास करून घेतला. पुढे त्याची शिस्त बसली आणि आयएसओ १४०४० व १४०४४ ही आंतरराष्ट्रीय मानकं आली. आज चालतात ती २००६ सालची. हद्द ठरवा, काय आत गेलं नि काय बाहेर पडलं त्याची यादी करा, त्यानं हवापाण्याचं काय झालं ते काढा, मग त्याचा अर्थ लावा. ऐकायला सोपं आहे. यादी करताना घाम फुटतो.

मला त्यातली एकच गोष्ट मनापासून आवडली, ती म्हणजे एकक. दोन वस्तूंची तुलना नगामागे करायची नाही, कामामागे करायची. कोल्हापुरी चपलेचा जोड आणि रबरी स्लीपरचा जोड शेजारी ठेवून काही कळत नाही; हजार किलोमीटर चालायला कोल्हापुरी किती लागतील आणि स्लीपर किती, असं विचारलं की हिशेब बोलायला लागतो. मग खेळण्याचं काम कोणतं? खेळणं. ते कशात मोजायचं? तासांत? हसण्यात? त्या चादरीवर बसून मी ठरवलं, खेळाचा एक तास हे एकक धरू. काही खेळण्यांच्या बाबतीत तासच भरत नव्हता.

आधी बाहुली. लेकीच्या तिसऱ्या वाढदिवसाला आणलेली, पोट दाबलं की नर्सरीतलं गाणं म्हणणारी, वजन ३८० ग्रॅम, किंमत त्या वेळी साडेसहाशे. गाणं चालू ठेवायला तीन पेन्सिल सेल. ते महिन्याभरात संपायचे, आणि बाहुली दीड वर्ष गायली. म्हणजे ५४ सेल. एक सेल तोलला तर १६ ग्रॅम. ५४ सेलांचं वजन ८६४ ग्रॅम, म्हणजे खुद्द बाहुलीच्या दुपटीहून जास्त. पंधरा रुपयांना एक धरला तर ८१० रुपये. बाहुलीपेक्षा तिचं गाणं महाग पडलं. शिवाय सेल जेवढी वीज देतो, त्याच्या कित्येक पट ऊर्जा तो बनवायला लागते. स्पेनमधल्या संशोधकांनी २००९ साली अशाच एका इलेक्ट्रॉनिक टेडी बेअरचा बारशापासून तेराव्यापर्यंतचा हिशेब प्रसिद्ध केला होता. तिथंही सर्वांत जड रकाना कापसाचा किंवा कापडाचा निघाला नाही, सेलांचा निघाला. मी ते वाचलं तेव्हा लेक आठवीत होती. ते ५४ सेल कधीच घंटागाडीत गेले होते.

दुसरी गोष्ट वाहतुकीची. आपली पक्की समजूत असते की चीनहून येणारं खेळणं वाटेतच पृथ्वीची वाट लावत येतं. मी पाठकोऱ्या कागदावर मांडून बघितलं. कंटेनरचं मोठं जहाज एक टन माल एक किलोमीटर न्यायला ढोबळमानाने १५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतं. दक्षिण चीनमधून मुंबईजवळचं न्हावाशेवा बंदर सात हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे एक किलोच्या खेळण्यामागे शंभरेक ग्रॅम. न्हावाशेवा ते कोल्हापूर ट्रकनं चारशे किलोमीटर, त्याचे आणखी चाळीसेक. आणि ते खेळणं आणायला मी राजारामपुरीतून स्कूटरवर जाऊन-येऊन दहा किलोमीटर केले त्याचे? लिटरभर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला पन्नास किलोमीटर धरले तर माझ्या फेरीचे ४६० ग्रॅम. अख्खा समुद्र ओलांडायला लागले त्याच्या चौपट मी एकटीनं गावात उधळले. आता त्याच फेरीत मी मेथीच्या दोन पेंढ्या आणि नवऱ्याचा इस्त्रीचा शर्टही आणला असेल, तर पेट्रोल बाहुली, मेथी आणि शर्ट यांच्यात कसं वाटायचं? या शास्त्रात यावर लोक चक्क प्रबंध लिहितात. मी सगळं नवऱ्याच्या शर्टावर टाकलं.

पण खरा भार प्लास्टिक बनतानाच पडतो. ठोकळ्यांसारखं कडक, चकचकीत प्लास्टिक म्हणजे बहुधा एबीएस. ते किलोभर बनायला साधारण तीन-साडेतीन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हे वाचून ठोकळ्यांवर दात खायला निघाले होते, तेवढ्यात उलटा धक्का बसला. ठोकळ्यांचा पत्ता साफ व्हायच्या ऐवजी तेच माझ्या यादीत वर सरकायला लागले. लेगोनं आपल्या आजच्या ठोकळ्याचं पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी मागितलं, आणि त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो. पासष्टहून अधिक वर्षं एक खाच दुसरीला ओळखते. आमच्या धंद्यात याला टॉलरन्स म्हणतात आणि तो सांभाळणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. याच कंपनीनं पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकपासून ठोकळे करून बघायला घेतले होते. २०२३ साली तो बेत सोडला, कारण यंत्रं बदलण्यापासून सगळं धरलं तर संपूर्ण आयुष्यात कार्बन कमी होण्याऐवजी वाढत होता. पुनर्वापर हा शब्द पाहून टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. टाळी मध्येच थांबली.

माझ्या लेकीचे ठोकळे त्या कंपनीचे नव्हते, स्वस्तातले होते. तरी सात वर्षं रोज संध्याकाळी तिनं त्यांचं काहीतरी केलं. कधी रंकाळा, कधी केएमटीची बस, एकदा तर शाळेतल्या बाईंसाठी तुरुंग. तासांनी भागायला घेतलं की त्यांचा कार्बन चिमटीत मावेना. आणि ‘इको’ लिहिलेल्या खाकी खोक्यात आलेलं लाकडी कोडं तिनं दोनदा लावलं, तिसऱ्यांदा तिला ते पाठ होतं. त्याचा भागाकार मी सांगत नाही. भेट दिलेल्या मैत्रिणीला वाईट वाटेल.

रविवारी गल्लीत भंगारवाला आला. चौदा किलोची चादर त्याच्यासमोर उघडली. त्यानं उकिडवं बसून दोन मिनिटांत तीन ढीग केले. खुर्चीसारखं जाड प्लास्टिक एका बाजूला. तारा आणि मोटर असलेल्या गाड्या दुसऱ्या बाजूला. त्यांतली मोटर त्यानं दगडानं टचकन फोडून काढली, तांब्यासाठी. उरलेलं सगळं तिसऱ्या ढिगात.

“हे न्हाई चालत, ताई.”

“का? प्लास्टिकच हाय की.”

“समदं एकात एक हाय. ह्याला स्क्रू, आत कापूस, वर केसं, मधी रबर. सोडवाय बसलो तर माझा दिस जाईल. ह्ये घंटागाडीला द्या.”

बाहुली त्याच तिसऱ्या ढिगात होती.

आमच्या फाउंड्रीत रिजेक्ट झालेला पीस मरत नाही. रनर, रायझर (साच्याच्या वाटांत गोठलेलं जादा लोखंड), फुटकं कास्टिंग, सगळं परत भट्टीत जातं आणि दुसऱ्या जन्माला येतं. लोखंड लोखंडाशी जमवून घेतं. खेळण्यात मात्र पाच जातीची द्रव्यं एकमेकांना चिकटवून, वर रंग मारून, आत स्क्रू ठोकून बसवलेली असतात, आणि त्यांचा घटस्फोट करायला माणसाचा जो वेळ जातो त्याला बाजारात भाव नाही. कागदावर कायदा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत विजेवर चालणारी खेळणी येतात. ती बनवणाऱ्यानं परत गोळा करायची. २०२२ साली सेलांसाठीही वेगळे नियम आले. पण नियम गल्लीत येत नाहीत, भंगारवाला येतो. आणि त्याचा तिसरा ढीग घंटागाडीतून लाइन बाजारच्या झूमकडे, म्हणजे गावाच्या कचरा डेपोकडे जातो. त्या बाजूनं कधी वाऱ्याच्या दिवशी गेला असाल तर पुढचं लिहायला नको.

याच्या उलट टोकाला बेंदराचे बैल. आषाढातला बेंदूर जवळ आला की पापाच्या तिकटीला नि गंगावेशीत कुंभारांच्या पाट्या लागायच्या. गाळाच्या मातीचे, न भाजलेले, उन्हात वाळवलेले बैल, जोडीनं. मागच्या पायांची जागा कुंभार अंगठ्यानं दाबायचा, म्हणून प्रत्येक बैलाच्या मांडीवर कुणाच्यातरी अंगठ्याचा ठसा असायचा. आम्ही आमच्या जोडीवरचा ठसा शोधून त्यात आपला अंगठा बसतो का बघायचो. बसायचा नाही, मोठा असायचा. पूजा व्हायची, पोळीचा नैवेद्य व्हायचा आणि दुसऱ्या दिवसापासून ती जोडी आमची. काडेपेटीची गाडी, सुतळीचं दावं, फरशीवर नांगरणी. चार दिवसांत एकाचं शिंग जायचं, आठ दिवसांत दुसऱ्याचा पाय. मग आज्जी त्या दोघांना उचलून परसात तुळशीच्या बुडाशी ठेवायची. आषाढाचा पाऊस. आधी चेहरा जायचा, मग वशिंड, शेवटी नुसता एक उंचवटा राहायचा आणि एका सकाळी तोही नसायचा. मी रडले होते एकदा. आज्जी म्हणाली, “पुढल्या वर्षी येत्यात की.” मला तेव्हा वाटायचं, तेच येतात.

कारखान्यात शिकलेल्या भाषेत लिहायचं तर: कच्चा माल स्थानिक, इंधन ऊन, वाहतूक कुंभाराच्या डोक्यावरची पाटी, आयुष्य पंधरा दिवस, शेवटी उरलं काही नाही. कुठल्याही रकान्यात शून्याच्या फार वर काही जात नाही. मी हे मांडलं आणि मला क्षणभर फार बरं वाटलं. जुनं ते सोनं म्हणायला मिळालं की या वयात कुणालाही बरं वाटतं.

पण गेल्या वर्षी मुद्दाम बेंदराच्या आधी जाऊन एक जोडी आणली. हातात घेतली तर हलकी आणि गार. प्लास्टर. साच्यातून काढलेली, म्हणून अंगठ्याचा ठसा कुठंच नाही; वर सोनेरी ऑइलपेंट. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम तापवून त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडवलेली भुकटी. पुन्हा पाणी मिळालं की ती परत जिप्सम होऊन बसते, आणि जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम विरघळतं. तुळशीपाशी ठेवलेली ती जोडी गणपती आले तरी होती, दिवाळी आली तरी होती. सोनं तेवढं उडालं होतं. शेवटी लेकीनंच ती उचलून शेजारच्या पोरांच्या किल्ल्यावर नेऊन ठेवली, मावळ्यांच्या शेजारी. मावळेही प्लास्टरचेच. कुंभाराला विचारलं होतं मी. म्हणाला, “मातीचा बैल वाळायला ऊन पायजे, आषाढात ऊन हाय कुठं? आणि मोडला तर लोक परत घिऊन येत्यात.” मोडणारी वस्तू आपल्यालाच नको झाली आहे, आणि न मोडणारीही. यावर काय उत्तर द्यायचं ते मला तिथं उभ्या उभ्या सुचलं नाही, म्हणून मी जोडीचे पैसे दिले.

जीवनचक्राच्या वहीत तीन रकाने असतात: निसर्ग, पैसा आणि माणसं. तिसरा सगळ्यांत उशिरा उघडला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं त्याची पहिली मार्गदर्शिका काढली ती २००९ साली. बनवणाऱ्याला काय मिळालं, त्याचे हात शाबूत आहेत का, काम करणारी मुलं आहेत की माणसं. खेळण्यांच्या बाबतीत हा रकाना काळजावर दगड ठेवून वाचावा लागतो. १० मे १९९३ रोजी बँकॉकजवळच्या केडर या कारखान्याला आग लागली. तिथं परदेशी पोरांसाठी बाहुल्या नि मऊ खेळणी बनत. १८८ कामगार गेले, त्यांत बहुतेक तरुण बाया आणि पोरी. बाहेर पडायचे दरवाजे बंद होते, इमारत कोसळली. मी फाउंड्रीत काम करते, भट्टीशेजारच्या दाराला कुणी पेटी टेकवून ठेवली तरी माझा आवाज चढतो. तो का, ते कारखान्यातल्या नव्या पोरांना माहीत नसतं.

आपल्या जवळचं बघायला मी आंबोली घाट उतरून सावंतवाडीला गेले, चितारआळीत. लाकडी आंबा, केळी, सीताफळ, भातुकली. पूर्वी पांगाऱ्याचं हलकं लाकूड लागायचं, ते मिळणं अवघड झालंय. रंगवलेलं डाळिंब हातात घेतलं तर खरोखर खायचंच मन व्हावं. एक कारागीर बाई दिवसभर फळांना देठ लावत बसल्या होत्या. मी दिवसाचं किती पडतं विचारलं, त्यांनी हसून दुसऱ्याच फळाची किंमत सांगितली. प्रश्न विचारायची एक रीत असते, आणि मी ऑडिटसारखा विचारला होता. फळांची टोपली घेतली, भाव केला नाही. भाव न करणं हे काही सामाजिक मूल्यमापन नव्हे हे मला कळतं. पण त्या दिवशी तेवढंच जमलं.

तर पांगुळगाडा. भावाच्या सासरहून बाळाला आधीच एक वॉकर आला होता. गोल, प्लास्टिकचा, मधे बसायची झोळी, समोर बटणं, बटणांना दिवे, दिव्यांना गाणं. वजन तीन किलो शंभर ग्रॅम, कारण काटा मी पर्समध्ये घेऊन गेले होते. (भावानं हात जोडले.) त्या प्लास्टिकचे, नळ्यांचे नि इलेक्ट्रॉनिक्सचे मिळून सात-आठ किलो कार्बन डायऑक्साइड सहज होतात. काम: एका पोराला चालायला शिकवणं. तेही काम तो धड करत नाही. झोळीत बसलेलं पोर बोटांच्या टोकांवर ढकलत पळतं, तोल सांभाळायला शिकतच नाही, आणि पायऱ्या आल्या की वॉकरसकट खाली. कॅनडानं २००४ साली असल्या वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. पांगुळगाड्यात बसता येत नाही. उभं राहावं लागतं, दांडी धरून स्वतः ढकलावा लागतो, आणि तो पुढं पळाला तर पोर मागच्या मागं बुडावर बसतं. बसतं, रडतं, परत उठतं.

लाकूड, सुताराचा दिवस, तीन खिळे आणि चोपन्न वर्षं. भागिले अकरा. किंवा बारा. माझ्या मते हा सामना एकतर्फी होता, आणि मी विजयी मुद्रेनं पांगुळगाडा पुसायला घेतला. फडक्याला लाल रंग लागला.

इथं माझी मुद्रा उतरली. १९७१ चा ऑइलपेंट. तेव्हाच्या रंगांत शिसं सर्रास असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत ९० भागांची, कायदेशीर मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली. दांडीवर दाताच्या खुणा आहेत. दहाही पोरांनी ती दांडी चघळली आहे, मीसुद्धा. आज दुकानातल्या खेळण्यावर आयएसआयचा शिक्का लागतो, १ जानेवारी २०२१ पासून सक्तीनं, आणि त्यात शिसं नि इतर जड धातूंची तपासणी येते. म्हणजे ज्या वॉकरला मी नावं ठेवत होते तो निदान चाटायला सुरक्षित होता. तो शिक्का वस्तू किती वर्षं टिकेल ते सांगत नाही, आणि आबांच्या खाचा रंगात काय आहे ते सांगत नाहीत.

कोरडं घासायचं नाही एवढं मला माहीत होतं, धूळ उडाली की तीच पोटात जाते. उद्यमनगराच्या मागच्या बाजूला एक म्हातारे सुतार अजून हातानं काम करतात, त्यांच्याकडे नेला. त्यांना मास्क दिला तर ते हसले, पण लावला. ओलं करून, रापीनं, कागद अंथरून त्यांनी सगळा रंग उतरवला आणि ती लाल-हिरवी सालं मी पिशवीत बांधून घरी आणली. ती पिशवी कुठं टाकायची हा प्रश्न अजून माझ्या गॅलरीत आहे. खालनं मधासारखं सागवान निघालं. एका चाकाचा आस झिजला होता तो बदलला. वर नवा रंग नको म्हटलं, नुसतं तेल लावा.

दुसऱ्या दिवशी आई माझ्यासोबत आली, काम बघायला म्हणून. रंग गेल्यावर खाचा जास्तच उठून दिसत होत्या. मी बोटानं मोजून दाखवल्या. सात आणि तीन, दहा.

आईनं पाचव्या आणि सहाव्या खाचेच्या मधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

“तुझ्या मागनं, भाऊ व्हायच्या आधी. आपल्याकडं भांड्याला मावशी यायच्या बघ. त्यांचं पोरगं दीड वर्षाचं झालतं तरी धरून उभं राहीना. एक पावसाळाभर दिलता मी गाडा त्यांना. गौरीच्या टायमाला तो चालत दारात आला.”

“मग आबांनी खाच?”

आई सुताराच्या हातोड्याकडे बघत राहिली. “आबांचं आपलं असायचं,” एवढंच म्हणाली.

माझा सगळा हिशेब मी त्या दांडीवरून केला होता. नोंदवहीत जे नाही ते नाहीच असं आमच्या क्वालिटी विभागात धरतात.

“तो आता कुठं असतोय?”

“पुण्याला. कंपनीत हाय. त्याला दोन पोरी.”

सुतारांनी दांडी मांडीवर आडवी घेतली, तेलाचं फडकं बाजूला ठेवलं आणि पटाशी उचलली. बाळाची खाच आत्ताच पाडायची का चालायला लागल्यावर, असं विचारत होते.

“आत्ताच,” आई म्हणाली.

“एक न्हवं?”

“दोन,” मी म्हटलं. “एक शेवटाला. आणि एक हितं मधी.”